घरचेच आहेत

"हे वाक्य तुमचंच ना, मॅडम?" असं विचारून अविराजने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मी माझंच बोलणं दुसऱ्याच्या टायपिंगमध्ये वाचलं. 'सदर इसम आमच्या घरचेच आहेत.' खाली माझी सही, सहीखाली तारीख. विमा कंपनीचं बारामतीतलं ऑफिस, शनिवार म्हणून निम्म्या खुर्च्या रिकाम्या, एसी चालू आणि खिडकीही उघडी. मी हॉस्पिटलचे कागद द्यायला आले होते. दहा मिनिटांचं काम म्हणून गाडीसुद्धा नीट लावली नव्हती. "हो, माझंच," मी म्हटलं. त्यात चुकण्यासारखं काय आहे ते मला कळेना. आपल्याकडे कुणाची ओळख करून देताना याहून चांगलं काही म्हणता येतं का? "मग जोतीराम यांना पॉलिसी लागू होत नाही," अविराज म्हणाला. शेवटची एसटी गेली हे कंट्रोलर सांगतो तसं म्हणाला, म्हणजे रागाने नाही आणि दुःखानेही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या नर्सरीत रॅक पडला. इंदापूरच्या अलीकडे माझी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे, चौदा वर्षं झाली. बी रुजवायच्या खोलीतून मिरचीच्या ट्रेंचा चाकांचा रॅक जोतीराम, म्हणजे आमचे जोतीआबा, शेडकडे ढकलत नेत होते. उतारावर चाक अडकलं, आबांनी जोर लावला, आणि अख्खा रॅक कळंबच्या प्रयागबाईंच्या अंगावर गेला. बाकीची गिऱ्हाइकं रोपं न्यायला येतात. प्रयागबाई रोपांना भेटायला यायच्या. आठवड्यातून एकदा यायच्या, ट्रेवर वाकून पानं मोजायच्या आणि मला नावं ठेवून जायच्या. त्यांचा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून अविराज पाहणीला आला. जेमतेम तिशीचा पोरगा, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून जपून चालणारा. आबा बाजूलाच उभे होते. टोपी हातात, चेहरा असा उतरलेला की मला बघवेना. रात्रभर झोपले नव्हते. "हे कोण?" अविराजने विचारलं, आणि मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवत म्हटलं, "घरचेच आहेत." मी ते आबांसाठी म्हटलं होतं, अविराजसाठी नाही. आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

"पॉलिसीत विमाधारक म्हणजे कोण ते लिहिलेलं असतं," अविराज सांगत होता. "धंदा तुमच्या एकटीच्या नावावर आहे. म्हणजे तुम्ही, तुमचे मिस्टर, आणि कामावर ठेवलेला माणूस, तोही काम करत असतानाच. एवढेच. पाहुणे, भाऊबंद, मदतीला आलेले शेजारी, हे कुणी नाही." मी म्हटलं, "माझे मिस्टर?" "हो, ते आहेत ना." मला त्या थंडगार खोलीत हसू फुटलं. सुयोग बारामतीच्या एमआयडीसीत मशीन विकतो. मिरचीचं रोप कुठलं आणि ढोबळीचं कुठलं हे त्याला आजही ओळखता येत नाही. वर्षातून दोनदा नर्सरीत येतो, त्यातली एक फेरी दसऱ्याची. त्याने चुकून कुणावर रॅक पाडला तर कंपनी त्याच्या पाठीशी उभी राहील. सव्वीस वर्षं आमच्या घरासाठी खपलेल्या माणसाच्या पाठीशी मात्र कुणी नाही, कारण मी चहा देता देता त्याला मान दिला. प्रयागबाईंच्या वकिलाकडून भरपाईच्या नोटिसा दोन निघाल्या होत्या. एक मला, नर्सरीची मालकीण म्हणून. दुसरी जोतीराम यांना, व्यक्तिशः, त्यांच्या लोणी भापकरच्या पत्त्यावर. "तुमच्या वाटणीचं आम्ही बघू," अविराज म्हणाला. "त्यांचं त्यांना बघावं लागेल."

लोणी भापकरला आबांची दीड एकर जमीन आहे, भावाच्या शेजारची. नोटीस तिथे गेली, ती भावाने म्हणजे गेणबांनी घेतली, दोनदा कुणाकडून तरी वाचून घेतली, आणि मला फोन केला. "वैनी, ह्यो कागद जोत्याच्या नावानं का आलाय? त्याचं तुमच्याकडं सगळं हाय म्हनत हुता. जमिनीवर तर काय येत न्हाय ना?" मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं की विमा आहे, काळजी करू नका. केवढ्या ऐटीत सांगितलं होतं! आता तोच विमा माझ्यासमोर लॅपटॉपवर उघडा होता आणि त्यात आबा बसत नव्हते. "दुरुस्त करता येईल का?" मी विचारलं. अविराजने दरवाज्याकडे एकदा पाहिलं. पोरगा वाईट नव्हता. "सोमवारी फाइल पुण्याला जाते. त्याच्या आधी नवा जबाब द्या. पण नुसता जबाब चालायचा नाही, पुरावा लागेल. नेमणूकपत्र, हजेरी, काहीही. आणि त्यांची स्वतःची सही पाहिजे, की मी इथे नोकर आहे म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक सांगतो. असा जबाब दिला तर तुम्हालाही विचारतील. इतकी वर्षं नोकर होता तर कागदावर का नाही, म्हणून." मी म्हटलं, "विचारू देत." हे बोलताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला, कारण मी घाबरले होते.

गाडीत बसल्यावर पहिल्यांदा सुयोगला फोन केला. नवऱ्याला सांगायचं म्हणून सांगायचं, एवढंच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वडिलांनी उभ्या जन्मात जोतीआबांना नोकर म्हटलं नाही, वृषाली. तू ते कागदावर लिहून घेणार? म्हातारा मोडून पडेल." मग म्हणाला, "आपलं निघतंय ना त्यातून? त्यांच्यासाठी वकील देऊ आपण, मी कुठं नाही म्हणतोय." सुयोगचं सगळं असंच मऊ असतं. मी फोन ठेवला आणि गाडी काढली. भवानीनगर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस, पुढे ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागा नाही. अशा वेळी माणसाला विचार करावाच लागतो. माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, घरचा. माझे सासरे, मोहनराव, हा शब्द फार प्रेमाने वापरायचे. आला-गेला बसला असेल तर मुद्दाम हाक मारायचे, "जोती, इकडं ये. हा आमचा घरचाच माणूस बरं का." आबा उंबऱ्याशी उभे राहून हसायचे. मी नवी सून होते, मला ते बघून भरून यायचं. माझ्या माहेरी गड्याला नावाने हाक मारायचे आणि संध्याकाळी हातावर पैसे ठेवायचे; हे सासर केवढं मोठ्या मनाचं, असं मी आईला सांगितलं होतं. आबांना दर महिन्याला पाकीट मिळायचं, पण सही घेतली जायची नाही. घरच्या माणसाची कसली सही घ्यायची? मी नर्सरी काढली तेव्हा तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आबांना माझ्या हवाली केलं आणि हा शब्दही सोबत दिला. मी तो पुढे चालवला. बाकीच्या बायका कामाला लागल्या त्यांची आधार कार्डं घेतली, फॉर्म भरले. आबांचा फॉर्म भरायचं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मला लाज वाटली असती.

अंथुर्णे गेल्यावर एक आठवण वर आली आणि मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. तात्या गेले तेव्हा दशक्रियेची पत्रिका मी छापून घेतली होती. इंदापुरातल्या छापखान्यात बसून प्रुफं मीच तपासली. खाली 'शोकाकुल' म्हणून नावं होती, मुलं, सुना, पुतणे, नातवंडं, जी नीट बोलतही नव्हती तीसुद्धा. एका चुलत दिरांचं नाव राहिलं म्हणून मी प्लेट बदलायला लावली, कारण ते रुसले असते. त्या दहा दिवसांत आबांनी मंडप घातला, पाणी भरलं, राख सावडायला ते पुढे होते, आणि पिंडाला कावळा शिवेना तेव्हा नदीकाठी सगळ्यात जास्त रडले तेही आबाच. त्यांचं नाव त्या पत्रिकेत नव्हतं. कुणी काढलं नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. म्हणजे काम असेल तेव्हा घरचा आणि नावांची यादी होईल तेव्हा बाहेरचा. आणि नोकर म्हणून तरी कुठे? तिथेही नाही. अविराजच्या कंपनीने तरी विमाधारक म्हणजे कोण हे छापून ठेवलं होतं. आमच्या घराने सव्वीस वर्षं ते तोंडीच ठेवलं, आणि सोयीने बदललं. मला स्वतःचा इतका राग आला की पुढच्या ट्रॉलीवाल्याला मी उगाचच हॉर्न मारत बसले.

कळंबचा फाटा आला तेव्हा प्रयागबाई आठवल्या. ऑपरेशननंतर मी त्यांना भेटायला गेले होते, तेव्हा त्या उशीला टेकून संत्रं सोलत होत्या. "पोरी, माझा कुनावर राग न्हाय," त्या म्हणाल्या होत्या. "पर खुबा माझा मोडलाय. आता हिथनं फुडं मला कुनी तरी उठवायचं, कुनी तरी बसवायचं. ते कुनी करायचं ते ठरवा तुमी." नोटिशीचं मुलाने आणि वकिलाने केलं होतं, पण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना मिळायलाच हवं होतं. फक्त ते आबांच्या दीड एकरातून जायला नको होतं. बस, एवढंच मला करायचं होतं, आणि ते करायला माझ्याकडे आजची दुपार आणि उद्याचा दिवस होता. निमगाव केतकी येईपर्यंत माझं ठरलं. आबा दुखावले तर दुखावले. रुसले तर मी पाया पडेन, पण सही घेईन.

नर्सरीत पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. आबा दारातल्या टेबलाशी बसून हजेरी लिहीत होते. हे काम त्यांचंच. बायका येतात त्या आधी आबांच्या टेबलासमोरून जातात. "आबा, सगळ्या हजेऱ्या काढा. जुन्यासुद्धा," मी म्हटलं. "काय झालं, वैनी?" "काढा तर." त्यांनी कपाटातून चौदा वह्या काढल्या, फुंकर मारून धूळ झटकली आणि वर्षाच्या क्रमाने माझ्यापुढे रचल्या. मी एक उघडली, दुसरी उघडली, मग कुठलीही मधलीच. हजर बाईसमोर ह, गैरहजर बाईसमोर फुली. आबांचं अक्षर सातवीत शाळा सोडलेल्याचं, पण ठसठशीत, ळ जरा जास्तच गोल. म्हाळसा, कुशाबाई, पुढे नव्या आलेल्या पोरी, सगळ्यांची नावं होती. आबांचं नाव मी शोधत गेले आणि ते एकाही वहीत नव्हतं. "तुमचं नाव कुठंय यात?" माझ्या तोंडून निघालं. आबा हसले. "माझी हजेरी मी कशी मांडू, वैनी? आन कुनाला दावायची?" पुरावा म्हणून मनात धरलेली एकच गोष्ट, तीही गेली. मी तशीच पानं उलटत बसले. आणि उलटता उलटता दिसलं की रिकामं पान एकही नाही. अक्षर बदललेलं पान एकही नाही. बायका आजारी पडल्या होत्या, बाळंत झाल्या होत्या, लग्नाला, जत्रेला गेल्या होत्या. प्रत्येकीच्या ओळीत फुल्या होत्या. पण ती फुली मारणारा हात रोज तिथे होता. चौदा वर्षं, रोजच्या रोज, तोच गोल ळ. नाव नसलेल्या माणसाची याहून पक्की हजेरी कुठल्या ऑफिसात असेल? मी मोबाइल काढला आणि पानांचे फोटो घेत सुटले. आबा म्हणाले, "वैनी, मोजन्यात माझ्या हातनं काय चुकलं का?"

मग मी त्यांना बसवून सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. घेतली असती तर मीच मागे फिरले असते. नोटीस दोघांना आहे, माझ्यामागे कंपनी आहे, तुमच्यामागे नाही, कारण मी तुम्हाला घरचे म्हटलं. आता कागदावर लिहायचं की तुम्ही इथे नोकर आहात. मग कंपनीला तुमचंही बघावं लागेल. आबांनी सगळं ऐकलं. टेबलावरची पेनं सरळ केली. "म्हंजी मी नोकर," ते म्हणाले. "कागदावर, आबा." "कागदच ऱ्हातो, वैनी. मानूस थोडाच ऱ्हातो. गावाकडं मी काय सांगितलंय म्हाईत हाय का? मी तितं कामाला हाय असं मी कदीच म्हनलो न्हाय. मी तितलाच हाय म्हनलोय. माझ्या बायकूनं मरस्तवर तेच सांगितलं समद्यास्नी. आता ह्यो कागद पुन्याला जानार, कोर्टात वाचनार. गेणबा तितं बसलेला असनार." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तात्या असते तर त्यांनी माझ्याकडनं ही सही घेतली न्हवती." मला तेव्हा त्यांना मिठी मारून सांगावंसं वाटलं की राहू दे आबा, फाडून टाकते. सुयोगने तेच केलं असतं, आणि सगळ्यांनी त्याला भला म्हटलं असतं. मी ते केलं नाही. मी म्हटलं, "तात्यांच्या दहाव्याची पत्रिका आठवते? त्यात तुमचं नाव होतं का?"

हे मी का बोलले, मला अजून नीट सांगता येत नाही. ते पटवण्यासाठी होतंच, पण त्यात माझ्यावरचा राग मी त्यांच्यावर काढला हेही खरं. बाहेर बायका शेडकडे निघाल्या होत्या, कुणीतरी मोठ्याने हसलं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हवतं." मग म्हणाले, "मी बघितली हुती. दोनदा वाचली. म्हनलं, एखाद्या बारक्या अक्षरात आसंल." मी खाली मान घातली. रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. "ती पत्रिका मीच तपासली होती, आबा. चूक माझी आहे. ती आता दुरुस्त होत नाही. ही होते आहे, म्हणून ही करू द्या मला." आबा उठले, बाहेर जाऊन माठातलं पाणी प्यायले, आणि परत येऊन खुर्चीत बसले. उभे राहिले नाहीत, बसले. "लिवा," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचत लिवा. मला ऐकू द्या."

मी नर्सरीच्या छापील कागदावर लिहिलं आणि लिहिताना वाचत गेले. 'मी वृषाली, या नर्सरीची मालक, असे लिहून देते की जोतीराम हे गेली चौदा वर्षे माझ्याकडे नोकरीस असून रोजची हजेरी घेण्याचे, रोपे हलविण्याचे व देखरेखीचे काम करतात. अपघात झाला तेव्हा ते मी सांगितलेलेच काम करीत होते. त्यांना नेमणूकपत्र दिले नाही, ही चूक माझी आहे. पूर्वीच्या जबाबात मी त्यांना घरचे म्हटले, ते मायेने म्हटले होते, नात्याने नव्हे.' शेवटच्या ओळीपाशी आबांनी हात वर केला. "मायेनं हे खोडा," ते म्हणाले. "कंपनीला काय करायचं त्याच्याशी?" मी खोडलं, सही केली आणि खाली 'मी इथे नोकर आहे' अशी आबांच्या सहीसाठी ओळ लिहिली. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि त्या ओळीखाली, माझ्या सहीशेजारी, पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट लोणी भापकर. सावकाश लिहिलं. मी तिथेच कागदाचा फोटो अविराजला पाठवला, हजेरीच्या पानांचेही पाठवले. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "वह्या मूळच्या लागतील, सोमवारी सकाळी घेऊन या. वरचे लोक प्रश्न विचारतील, पण त्यांना आता यांना बाहेर ठेवता येणार नाही. हे चालेल, मॅडम." फोन स्पीकरवर होता. आबांनी मान हलवली.

मला वाटलं, आता ते नेहमीसारखे उठतील आणि शेडकडे जातील. ते उठले नाहीत. पेन टोपण लावून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "एक इचारू? ह्या बायका आपल्याकडं नोकर हायत. त्यास्नी ऐतवारी सुट्टी आसती." "असते." "मला न्हवती. म्हंजी मी कदी मागितली न्हाय. घरच्या मानसानं काय मागायची?" त्यांनी हे कुठल्याही कडवटपणाने म्हटलं नाही, एखादा हिशेबाचा नियम समजून घेतल्यासारखं म्हटलं. "तर उद्या ऐतवार हाय, वैनी. मी येनार न्हाय." सव्वीस वर्षांत त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती त्यांनी मागितलीही नव्हती, सांगितली होती. माझ्या मनात लगेच आलं की उद्या वांग्याचे ट्रे उगवून येतील, पाणी कोण देईल, आणि असं मनात आल्याची मला शरम वाटली. "नका येऊ," मी म्हटलं. "आराम करा." "आराम न्हाय," आबा म्हणाले. "लोणीला जातो. गेणबाला मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगायच्या आदी."

रविवारी सकाळी सहाला मी एकटीच नर्सरीत होते. सुयोग म्हणाला होता की येऊ का, आणि मी नको म्हटलं होतं. पंप चालू केला. मागच्या भिंतीला पाण्याचे अकरा कॉक ओळीने बसवलेले आहेत, एकावरही नंबर नाही, खूण नाही. कुठला कुठल्या शेडचा, कुठला किती फिरवायचा, हे सगळं आबांच्या डोक्यात; चौदा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मी मोबाइल हातात घेतला, त्यांचं नाव काढलं, थोडा वेळ त्या नावाकडे बघितलं आणि मोबाइल परत पर्समध्ये टाकला. मग पहिला कॉक उघडला. पाणी बाहेरच्या रस्त्यावर आलं. मी तो बंद केला आणि दुसरा उघडला.